साळवेबाईंची मिनिटं

साळवेबाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

शिरूरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं केबल चॅनल होतं. चॅनल म्हणजे दोन खोल्या, एक निळा पडदा, दोन कॅमेरे आणि शेठ. शेठ म्हणजे मालक. दिवसभर भक्तिगीतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कांद्याचे बाजारभाव आणि निवडणूक आली की उमेदवारांच्या चर्चा, एवढाच आमचा पसारा. पण या चर्चा केबलबरोबर मोबाईलवरही लाइव्ह जायला लागल्या, तशी शिरूर-दौंडच्या पुढाऱ्यांना आमची किंमत कळायला लागली होती. एरवी आम्हाला ओळख न दाखवणारी माणसं स्वतःहून फोन करून चहाला बोलवायची.

अशाच एका चर्चेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना चढून आल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. दौंडहून एसटीनं आल्या होत्या. कुणी बसा म्हणायच्या आत बसल्या, पिशवीतून वही काढली आणि शेठना म्हणाल्या, "काल तुमच्या चर्चेत आबा बोलले बावीस मिनिटं. समोरचे गुरुजी बोलले चार. त्या चारातलं दीड मिनिट तुमचाच माणूस मधी बोलत व्हता. मी घड्याळ लावून बसले व्हते."

आबा म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. जिल्हा परिषदेत दोन वेळा निवडून आलेले, कुणाच्याही लग्नात त्यांच्याशिवाय अक्षता पडत नसत. गुरुजी म्हणजे त्यांच्या विरोधात उभे राहिलेले एक म्हातारे शाळामास्तर. शेठ कसंनुसं हसले. "ताई, आबांकडं बोलायला जास्त असतं."

"व्हय का? मग गुरुजींना कशाला बोलावलं? खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून?"

शेठना उत्तर सुचलं नाही की ते चिडायचे. म्हणाले, "एवढं कळतंय तर तुम्हीच का नाही चालवत कार्यक्रम?"

बाईंनी वही मिटली. "कवापासून येऊ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेठ टोमणा मारून मोकळे झाले होते, पण बाई पुढच्या सोमवारी दहाच्या ठोक्याला हजर. आणि माइकवर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हा आम्ही सगळेच चमकलो. हा आवाज आम्ही ऐकलेला होता. दौंड जंक्शनवर गाडीची वाट बघत ताटकळलेल्या प्रत्येकानं तो ऐकलेला होता. साळवेबाई रेल्वेत उद्घोषणा करायच्या. पुढं ते काम यंत्राकडं गेलं, बाईंना दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. एरवी त्या आमच्यासारखंच हाय-न्हाई बोलायच्या. माइक सुरू झाला की मात्र भाषा अशी स्वच्छ व्हायची की हीच का ती बाई असं वाटावं. मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "माइकवर मी कुणाच्या गावची नसते. गाडी साहेबलोकांची असो का मजुरांची, उशीर झाला तर झाला म्हणायचं. त्यासाठी आवाज खाली-वर करायचा न्हाई."

मी मूळचा न्हावऱ्याचा आणि धंद्यानं लग्नाच्या शूटिंगमधला. लग्नाच्या कॅमेरामनला एक अक्कल जन्मतः असावी लागते. मांडवात कोण आलं आणि कुणाला किती दाखवायचं हे त्याला न सांगता कळलं पाहिजे. नवरदेवाचा मामा दोन सेकंद आणि साखर कारखान्याचा संचालक वीस सेकंद, तेही खालून, म्हणजे माणूस उंच दिसतो. हीच अक्कल मी चर्चेत वापरत होतो. आजवर कुणाची तक्रार नव्हती, उलट आबांनी पाठ थोपटली होती.

बाईंनी मला शेजारी बसवून ती जुनी चर्चा पुन्हा लावली आणि एका ठिकाणी थांबवली.

"हितं गुरुजी बोलतायत ना?"

"हो."

"मग दिसतायत आबा. आन् हसतायत. म्हंजी बघणाऱ्याला वाटणार, गुरुजी येड्यासारखं काय तरी बोलले. बोलले का?"

"नाही."

"मग तू आबांना का हसवलंस?"

मी म्हणालो, मान द्यावा लागतो, मोठी माणसं आहेत. बाई म्हणाल्या, "मान द्यायचा तर घरी जेवायला बोलव. कॅमेऱ्यातनं जेवायला घालू नगं."

तेव्हा मला राग आला होता. कानफटात मारल्यासारखंच झालं होतं. पण त्या दिवसानंतर माझा कॅमेरा सरळ झाला. दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोघांपासून सारख्या अंतरावर. मला कुणी शिकवलेली ही पहिली गोष्ट होती. आधीचं सगळं मी नुसतं उचललेलं होतं.

बाईंच्या कार्यक्रमाचे कायदे हळूहळू साऱ्या भागात माहीत झाले. टेबलावर दोन जुने मोबाईल असत, एकेका पाहुण्यासमोर एकेक. ज्याचं बोलणं सुरू, त्याच्या समोरचं घड्याळ सुरू. दुसरा मध्येच बोलला तर बाई पहिल्याचं घड्याळ थांबवून दुसऱ्याचं सुरू करायच्या. म्हणजे आडवं बोलायचं ते स्वतःच्या खर्चानं. पहिल्या आठवड्यात एका उमेदवारानं निम्मा वेळ दुसऱ्याला अडवण्यातच घालवला आणि शेवटी स्वतःचं काम सांगायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "आपली वेळ संपली आहे." त्याला ते खरंच वाटेना. मोबाईल हातात घेऊन हलवून बघितला त्यानं.

आणखी एक. शाल-श्रीफळ बंद. आमच्याकडं पाहुणा आला की नारळ हातात दिल्याशिवाय यजमानालाच चैन पडत नाही. बाई म्हणायच्या, एकाला नारळ दिला की दुसऱ्याचा मोठा व्हता का ते बघावं लागतं. अर्धा कप चहा, दोघांना एकाच किटलीतून, संपलं. आणि माइकवर आबा, दादा, साहेब, अण्णा काही नाही. नुसतं नाव, फार तर पुढं राव नाही तर ताई. आबांना आयुष्यात प्रथमच कुणी तरी 'विठ्ठलराव' म्हणालं. त्यांचे कार्यकर्ते जिन्यात उभे होते, ते एकमेकांकडं असे बघायला लागले की जणू कुणी आबांचा फेटाच उतरवला. आबा पुढं महिनाभर बाईंना पाण्यात पाहत होते. मला ऐकवायचे, "तुमची ती स्टेशनमास्तरीण काय म्हणतीय?"

एक प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. आबा आणि गुरुजींची पुन्हा एकदा चर्चा होती, पाच वाजता लाइव्ह. आबा साडेचारलाच तीन गाड्या आणि पंधरा माणसं घेऊन हजर. बाईंनी पंधराही जणांना खाली दुकानाच्या पायरीवर बसवलं. गुरुजी यायचे होते न्हावऱ्यावरून, एसटीनं. पाच वाजले, एसटीचा पत्ता नाही. पाच पाच झाले. शेठ घामाघूम. आबा म्हणाले, "सुरू करा की. आलं तर आलं म्हातारं, न्हाई तर मी हायेच."

बाई शांतपणे माइकपाशी गेल्या, मला हातानं खूण केली आणि आम्ही लाइव्ह झालो. "नमस्कार. आजच्या चर्चेतील एक पाहुणे एसटीने प्रवास करीत आहेत. एसटी उशिराने धावत आहे. पाहुणे पोहोचताच चर्चा सुरू होईल. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे." अगदी फलाटावरच्या आवाजात. खाली पायरीवर मोबाईलवर बघणारे आबांचे कार्यकर्तेच पहिल्यांदा हसले. मग दुकानदार हसला, मग शेठ, आणि शेवटी खुर्चीत बसलेल्या आबांनाही हसू आवरेना. गुरुजी पाच वाजून सव्वीस मिनिटांनी धापा टाकत आले. तोवर आबांनी बाईंकडून अर्धा कप चहा आणखी मागितला होता. तो त्यांना मिळाला नाही, कारण गुरुजींचा पहिला व्हायचा होता.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की साळवेबाई म्हणजे देवमाणूस. तसं मुळीच नव्हतं. बाई तापट होत्या, आणि आपल्याइतकं सरळ या दोन तालुक्यांत कुणी नाही अशी त्यांची पक्की खात्री होती. ती त्या लपवायच्याही नाहीत. दुसऱ्या वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याच्या चर्चा त्या मुद्दाम बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला चुका वाचून दाखवायच्या. त्या अँकरनं तिसऱ्या पाहुण्याला प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत जाहिरात लावली. ह्यानं एकाला 'आपण सांगा' म्हटलं आणि दुसऱ्याला 'बोला लवकर' म्हटलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून त्या वही बंद करायच्या. चेहऱ्यावर असा आनंद असायचा की जणू परीक्षेत एकट्याच पास झाल्यात.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली आणि आबांचा गट महिलांसाठी राखीव झाला. आबांनी, जे सगळेच करतात ते केलं. बायकोला उभं केलं. सुनंदाताई. लोकांनी त्यांना फक्त हळदीकुंकवाच्या बॅनरवर पाहिलेलं होतं. समोर उभी राहिली प्रज्ञा.

दौंड शहराच्या हद्दीबाहेर, रेल्वेलाइनच्या कडेला जी वस्ती आहे, त्यात बाईंच्या घरासमोरचं घर प्रज्ञाचं. तिची आई मजुरीला जायची तेव्हा ही पोर बाईंच्या मागं मागं स्टेशनवर जायची आणि उद्घोषणेच्या खोलीत जमिनीवर बसून पाढे लिहायची. पुढं वकील झाली. कुरकुंभच्या कंत्राटी कामगारांची प्रकरणं लढवून नाव कमावलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. प्रज्ञा त्यांना मावशी म्हणायची, अगं-तुगं करायची. ती निवडून यावी म्हणून वस्तीतली प्रत्येक बाई घरोघर फिरत होती आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ती यावी असंच वाटत होतं. विहारात रोज बैठका. पहिल्यांदाच वस्तीतलं कुणी तरी एवढ्या वर जाणार होतं.

बाई शेठकडं गेल्या. "ही चर्चा मी घेणार न्हाई. पोरगी माझी हाय."

शेठ म्हणाले, "तुम्ही नाही तर कार्यक्रमच नाही. आबांचा निरोप आलाय, साळवेबाई खुर्चीत असतील तरच मंडळींना पाठवतो. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नाही."

बाई खाली बसल्या. महिनाभर पाण्यात पाहणाऱ्या माणसानं आपली बायको त्यांच्या विश्वासावर सोडली होती. बाईंना ते फार भिडलं असावं. मग म्हणाल्या, "ठीक हाय. पण सुरुवातीलाच सांगणार."

आणि सांगितलं. शनिवारी पाचला लाइव्ह सुरू झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "प्रज्ञा माझ्यासमोर वाढलेली आहे आणि मला मावशी म्हणते. हे प्रेक्षकांना आणि सुनंदाताईंना माहीत असायला हवं. माझा तोल गेला तर दोघींनीही मला थांबवावं."

आबा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. आत सुनंदाताई काठपदराच्या साडीत, डोक्यावर पदर, हातात घडी केलेला कागद. पहिला प्रश्न वस्त्यांच्या पाण्याचा. प्रज्ञा बोलली ते ऐकत राहावं असं. आकडा नाही, भाषण नाही, पाण्याच्या टाकीपासून नळापर्यंत कुठं काय अडलंय ते बोट ठेवून सांगितलं. सुनंदाताईंनी कागद उघडला आणि वाचला. 'आमचे नेते यांच्या मार्गदर्शनाखाली' अशी सुरुवात. दुसरा प्रश्न दवाखान्याचा. पुन्हा कागद, पुन्हा मार्गदर्शनाखाली. वाचताना ओळ चुकली, ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आणि तिथं बाईंच्या तोंडून गेलं. "सुनंदाताई, घरून काय शिकवून पाठवलंय ते आम्हाला समजलं. आता कागद बाजूला ठेवा आणि तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा."

माइकवरच्या त्या स्वच्छ भाषेत ते वाक्य सुरीसारखं गेलं. शेठ हसले. मी हसलो. प्रज्ञानं हसू दिसू नये म्हणून मान खाली घातली. आमच्याकडं सगळे हेच म्हणतात ना, बाई उभी, कारभार मालकाचा. सगळ्यांच्या मनातलंच बाई बोलल्या होत्या. सुनंदाताईंनी कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी, मग आणखी एक. त्यांच्या समोरचं घड्याळ पळत होतं. आणि मी काय केलं? लग्नात नवरी रडायला लागली की करतो तेच. कॅमेरा पुढं नेला. सगळ्या पडद्यावर त्यांचा चेहरा भरला, डोळ्यांतलं पाणी दिसेल असा.

बाईंची नजर समोरच्या टीव्हीवर गेली. त्यांनी तो चेहरा पाहिला. मग हात पुढं करून सुनंदाताईंचं घड्याळ थांबवलं.

"एक मिनिट. चूक झाली आहे आणि ती माझी आहे. या खुर्चीवर आजवर अनेक पुरुष बसले. कागद वाचणारेही बसले. बायकोनं काय शिकवून पाठवलं असं मी एकालाही विचारलं नाही. प्रज्ञालाही तिच्या घरच्यांबद्दल विचारलं नाही. सुनंदाताईंनाच विचारलं. हा प्रश्न मी मागं घेते आणि त्यांची माफी मागते. त्यांची वेळ पहिल्यापासून सुरू होईल. कागद वाचायचा तर वाचावा, बोलायचं तर बोलावं, पाच मिनिटं त्यांची आहेत." आणि त्याच आवाजात, लाइव्ह, मला, "कॅमेरा मागं घ्या."

मी घेतला. माझे कान तापले होते.

सुनंदाताई लगेच बोलल्या नाहीत. अर्धं मिनिट नुसती शांतता गेली. टीव्हीवर अर्धं मिनिट केवढं मोठं असतं ते त्या धंद्यातल्या माणसालाच कळतं. शेठ काचेतून हातवारे करत होते, काही तरी बोला, दुसरीला विचारा. बाई हलल्या नाहीत. ती शांतताही त्यांच्या लेखी सुनंदाताईंच्याच वेळेतली होती, ती भरायचा हक्क त्यांना नव्हता.

मग सुनंदाताईंनी कागद मांडीवर ठेवला.

"मला बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ऐकू येतं. आमच्या घरी रोज चाळीस-पन्नास माणूस येतंय. च्या मीच करते. सोळा वर्सं झाली, सैपाकघराच्या दाराआड हुबं राहून सगळ्यांचं ऐकते. कुणाची विधवा सून दाखल्यासाठी चौथ्यांदा आली, कुणाच्या वस्तीवर गाडी जात न्हाई म्हणून बाळंतीण झोळीतनं आणली. भाईर त्यास्नी म्हणत्यात, बघू. ती गेली की दुसरी येत्यात. त्यास्नी पण बघू. कप उचलाय जाते तवा कुणाचा च्या तसाच ऱ्हायलेला असतो. मला तवा कळतं, हे माणूस रडत गेलं. कुणाचं काय ऱ्हायलंय ते मला पाठ हाय. मी निवडून आले तर बघू म्हणणार न्हाई. व्हय तर व्हय म्हणीन, न्हाई तर न्हाई म्हणीन. बास. मला एवढंच बोलायचं व्हतं."

दोन मिनिटंही झाली नव्हती. बाहेरच्या खोलीत आबांचे कार्यकर्ते पायांकडं बघत होते. आबा टीव्हीकडं बघत होते, जसं काही त्या बाईला ते पहिल्यांदाच पाहत होते.

चर्चा पुढं झाली, प्रज्ञा चांगलीच बोलली, पण त्या दिवसाचा निकाल तिथंच लागला होता हे आम्हाला सगळ्यांना कळलं. रात्रीपर्यंत तो दीड मिनिटांचा तुकडा या मोबाईलवरून त्या मोबाईलवर पळत होता.

कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञानं पिशवी उचलली. मी तिथंच केबल गुंडाळत होतो म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "मावशी, तू येवढ्या वर्सांत एकदाच चुकलीस, आन् ती पण माझ्या बाजूनं. ती एक चूक तुला ठेवता आली न्हाई?"

बाई म्हणाल्या, "न्हाई ठेवता आली."

प्रज्ञा जिना उतरून गेली. बाई परतीच्या एसटीला तिच्याबरोबर जायच्या होत्या, त्या मग एकट्याच गेल्या.

सुनंदाताई निवडून आल्या. थोडक्यात आल्या, म्हणून तर जास्तच झोंबलं. वस्तीत कुणी बाईंना शिवी दिली नाही. नुसतं बोलणं थांबलं. सकाळी नळावर बाई गेल्या की बायकांच्या गप्पा बंद. आपल्या माणसाला पाडलं, हे वाक्य त्यांच्या पाठीमागं पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललं जायचं. दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन बाई करायच्या. त्या वर्षी ते कुणा कॉलेजच्या मुलाला दिलं. आणि प्रज्ञा, समोरच्याच दारात राहणारी, गल्लीतून जाताना नजर वर करायची नाही.

मी दोनदा दौंडला जाऊन आलो. दुसऱ्या वेळी धीर करून विचारलं, "बाई, पस्तावा होतो का?"

"व्हतो की. रोज व्हतो," त्या म्हणाल्या. कांदा चिरत होत्या. "पण कशाचा ते नीट ऐक. पोरगी हरली तो लोकांचा निकाल हाय. तो प्रश्न माझ्या तोंडातनं गेला त्याचा पस्तावा व्हतो. मला वाटायचं, मी सरळ हाय. आरं, सरळ कुणीच नसतं. आपल्या माणसाकडं मन झुकतंच. म्हणून तर घड्याळ लावायचं. मी त्या दिवशी दोघींसमोर लावलं, सोतासमोर लावायचं इसरले."

मग म्हणाल्या, "पोरीची लई सवय हाय रे मला." आणि कांद्याचं निमित्त होतंच.

पुढं वर्षभरात लोकांनी केबल सोडली, शेठनी मंडप-डेकोरेशनचा धंदा काढला, चॅनल बंद पडलं. मी आता कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत कामगारांच्या सुरक्षिततेच्या फिल्म बनवतो. कामगार आणि मॅनेजर एकाच फिल्ममध्ये असले की कॅमेरा दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतो. मॅनेजरला तो खालून हवा असतो, मी लावत नाही. घरी माझ्या दोन पोरी भांडतात आणि धाकटी रडली की तिचंच खरं वाटतं. तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी थोरलीला म्हणतो, तू सांग. हे मला बापानं नाही शिकवलं, शाळेनं नाही शिकवलं. दौंडहून एसटीनं भांडायला आलेल्या एका बाईनं शिकवलं. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. आमच्यात असं तोंडावर आभार मानत नाहीत, आणि मानले असते तर बाईंनी मला उडवूनच लावलं असतं.

बाई गेल्या त्याच्या दोनेक महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. हिवाळ्यातला रविवार होता, सकाळचे अकरा. वस्तीतून पाण्याची नवी लाइन कुठून न्यायची यावर विहारासमोर सभा होती. प्रज्ञानं बोलावली होती आणि तिनंच मला शूटिंगला बोलावलं होतं. मांडव भरलेला. सुनंदाताईंकडून त्यांचे दीर आले होते, त्यांची बाजू मांडायला. लाइन विहाराच्या बाजूनं नको, पलीकडून न्यावी, असं त्यांचं म्हणणं. ते बोलायला उभे राहिले आणि चार वाक्यांत गलका झाला. "बसा खाली!" "तुमचं लई ऐकलं!" पोरं उठून उभी राहिली. एकानं माइककडं हात टाकला.

त्याच वेळी मला मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ बाई दिसल्या. घरात आवाज ऐकून आल्या असाव्यात. कुणी बोलावलेलं नव्हतंच. फार वाळल्या होत्या, एक हात बांबूला धरलेला. गलका वाढला तशी त्यांनी एकदा मान हलवली आणि जायला वळल्या.

प्रज्ञानं पोराच्या हातातून माइक काढून घेतला. ती ओरडली नाही. "सगळ्यांनी खाली बसा. मला पण त्यांचं पटत न्हाई. पण त्यांचं बोलून झाल्याबिगर मी बोलणार न्हाई, आन् तुमी पण बोलायचं न्हाई." पोरं कुरकुरत बसली. दीर अजून गोंधळलेले उभेच होते. प्रज्ञानं त्यांना बोला अशी खूण केली आणि मग तिची नजर कडेला गेली. ती दोन वर्षांनी त्या बाजूला वर उचललेली नजर होती. मग माइकमधूनच, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, कुठं निघालीस? त्यांचं अजून संपलं न्हाई."

बाई थांबल्या. सतरंजीवरच्या एका बाईनं, जी नळावर तोंड फिरवायची तिनंच, सरकून जागा केली. साळवेबाई चपला काढून आत आल्या, पदर सावरून खाली बसल्या आणि समोरच्या माणसाचं बोलणं ऐकायला लागल्या.